हाताचा वास जाईपर्यंत

कामावरून आला की पुंडलिक मोकल पुढच्या दारानं घरात शिरत नसे. बसथांब्यावर ठेवलेली स्कूटर आणून पडवीला लावायची, डबा पायरीवर ठेवायचा आणि घराला वळसा घालून परसात जायचं. तिथं पाण्याच्या पिंपाशेजारी एक काळा, सपाट दगड होता. दगडाच्या कडेला करवंटीत भिजत घातलेली चिंच, चुलीतली राख आणि नारळाच्या शेंडीचा एक बोळा. तो उकिडवा बसायचा, कोपरापर्यंत हात घासायचा, पाणी ओतायचा आणि मग दोन्ही तळवे नाकाशी धरून डोळे मिटायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, माणूस देवाचं नाव घेतोय. मग बहुतेक वेळा तो मान हलवी आणि पुन्हा चिंचेकडे हात नेई.

धाटावच्या ज्या कंपनीत तो कामाला होता, तिथं शेतीच्या औषधांत लागणारा एक माल तयार व्हायचा. त्याला सडक्या लसणीसारखा वास होता. हातमोजे मिळत, साबण मिळे, नियमाप्रमाणे सगळं मिळे. पण इतक्या वर्षांत तो वास कातडीच्या आत जाऊन बसला होता. कपड्यांतून जाई, केसांतून जाई, हातांतून जात नसे. हौसा, त्याची बायको, असताना म्हणायची, "तुम्ही नुसतं ताटाला हात लावा, वेगळी चटनी वाटायला नको." हौसा जाऊन आता दोन वर्षं झाली होती. चिंच भिजत घालायचं काम तो स्वतःच करी, कामावर निघताना.

त्याचा बाप मिठागरावर राबला. खाडीच्या पाण्यानं बापाच्या हातापायांना भेगा पडलेल्या असत, त्यांत मीठ चरचरत असे. पण ते हात कुणालाही लावता येत. बाप घरी आला की पोरांच्या गालांवरून हात फिरवी आणि गाल खारट होत, हे पुंडलिकला अजून आठवे. त्याची स्वतःची एकुलती एक मुलगी किमया. तिच्या गालावरून आपण असा हात कधी फिरवला, हे मात्र त्याला आठवत नसे.

कारखान्यात घड्याळापेक्षा मोठा एक नियम असतो. माल शिजवणारा रिअ‍ॅक्टर एकदा चालू झाला की तिन्ही शिफ्ट चालूच राहतो, म्हणून पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहिल्याशिवाय खुर्चीवरच्या माणसानं उठायचं नाही. येणाऱ्याला रिलीव्हर म्हणतात. शिफ्टचं चक्र दर आठवड्याला फिरतं, पण कोणामागून कोण हा क्रम फिरत नाही. रिलीव्हर आलाच नाही, तर बसलेल्यानंच पुढची शिफ्ट काढायची. त्याला डबल मारणं म्हणतात. मोकलमामांनी (कंपनीत लहानथोर सगळे त्याला मामाच म्हणत) किती डबल मारले, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. कुणाची बस चुकलेली, कुणाची बायको अडलेली, कुणाच्या गावची जत्रा. शिव्या न घालता थांबणारा माणूस, असं त्याचं नाव झालं होतं. आणि असं नाव एकदा झालं की लोक निर्धास्तपणे उशिरा येतात.

निकेश कधी उशिरा आला नाही. डोलवीचा पोरगा, कंपनीत नवा लागला आणि मामांच्या नंतरच्या शिफ्टला आला. वडखळच्या नाक्यावर गाड्या तुंबून राहिल्या तरी हा मोटरसायकल कुठून तरी आडवाटेनं काढायचा आणि शिफ्ट सुटायच्या आधी कंट्रोल रूमच्या दारात उभा असायचा. "मी आलो मामा, तुम्ही जा," एवढंच म्हणायचा. हे काही वर्षं पाहिल्यावर पुंडलिक एके दिवशी हौसाला म्हणाला, "ज्यानं मला कधी ताटकळत नाय ठेवलं, तो आपल्या पोरीला काय ठेवील?"

"सोयरीक बघताय का ड्युटी लावताय?" हौसा म्हणाली.

पण सोयरीक झाली. लग्न हौसाच्या डोळ्यांदेखत झालं, तेवढं बरं झालं. निकेश आधीपासूनच मामा म्हणत होता, म्हणून लग्नानंतर हाक बदलावी लागली नाही. प्रणित, मामांच्या आधीच्या शिफ्टचा माणूस, त्यानं तेवढं तोंडसुख घेतलं. "सासऱ्याला उठवून त्याच्याच खुर्चीत बसनारा पयला जावई बघितला," तो म्हणायचा. निकेश लाजायचा आणि मामा डबा उचलून बसकडे चालू लागायचे.

किमयाला दिवस गेल्याचं पुंडलिकला कळलं ते तिच्या सासूकडून, फोनवर. पुतळीबाईंनी आनंदाची बातमी सांगितली आणि त्याच दमात पुढचंही बोलून टाकलं.

"पयलं बाळंतपन म्हायेरचं, ही रीत मलापन ठावं हाय. पन तुमच्या घरात बाईमानूस कोन? पुरुषाच्या घरात बाळंतीन ठेवली तर लोक मला काय म्हनतील? पोर हितंच ऱ्हावं दे."

पुंडलिक "व्हय" म्हणाला. त्यांचं चूक नव्हतं. त्याची सख्खी बहीण इंदुबाई, तीसुद्धा स्वतःच्या सुनेचं करायला पनवेलला गेलेली.

पण किमया सणाला बापाकडे जित्याला आली तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगितलं, "मी हितंच येनार, बाबा. सासू मासळी घेऊन सकाळी पेणच्या बाजाराला जाते ती ऊन उतरल्यावर येते. वाईट नाय ती, पन दिवसभर त्या घरात मी एकटी. आनि आई असती तर कुनी इचारलं असतं का, कुठं जातेस म्हनून?"

"करील कोन गो तुझं?"

"तुम्ही."

त्यानं आपले हात पाहिले. ते तिनं पाहिलं.

"चिंच हाय ना," ती म्हणाली आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

त्या दिवसापासून पुंडलिकच्या डोक्यात एकच गोष्ट होती. पोरीचं बाळंतपण आपल्या घरात आणि आपल्या हातानं करायचं. आंघोळीपुरती पलीकडच्या वाडीवरची भागी येईल. गावातल्या निम्म्या पोरांना तिनंच न्हाऊ घातलेलं होतं. पण पेज, काढा, शेगडी, धुरी, दुपटी, रात्रीचं उठणं, याला घरात माणूस हवं. त्यासाठी रजा हवी. रजा त्यानं आयुष्यात एकदाच लांबलचक घेतली होती, हौसाच्या शेवटच्या दुखण्यात, आणि ती सगळी दवाखान्याच्या बाकावर संपली होती. घरी राहण्यासाठी रजा कशी घेतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तो ऑफिसात गेला तेव्हा तिथं प्रतिक्षा मॅडम होत्या, शिफ्टचे इंजिनियर अक्षय सर होते आणि गेटपासच्या निमित्तानं पंख्याखाली उभा राहिलेला प्रणित होता. प्रतिक्षा मॅडम कर्मचाऱ्यांच्या रजा-हजेरीचं बघत. त्या स्वतःच बाळंतपणाची रजा संपवून नुकत्या परतल्या होत्या. टेबलाच्या काचेखाली बाळाचा फोटो होता.

"बोला, मामा."

"रजा पायजे. सव्वा म्हयन्याची."

"एवढी? कशासाठी?"

पुंडलिकनं एकदा प्रणितकडे पाहिलं. तो जात नाही हे पाहून म्हणाला, "बाळंतपनासाठी."

"कितवा चालू हाय, मामा?" प्रणितनं गंभीर तोंडानं विचारलं.

अक्षय सर आधी हसले, मग मॅडम, शेवटी मामासुद्धा. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "पोरीचं हाय. पयलं."

"बाळंतपणाची रजा आईला असते, मामा," मॅडम म्हणाल्या. "आता बापालाही द्यायचं चाललंय, वरून नवा नियम येतोय. पण आजोबांचं त्यात काही नाही."

"मी आजोबा म्हनून नाय मागत, मॅडम. तिची आई नाय. आईचं काम मला करायचं हाय."

मॅडम काचेखालच्या फोटोकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी स्क्रीनवर त्याचं नाव काढलं. "तुमची हक्काची रजा साठलीय की भरपूर. ती घ्या. फक्त माणूस बघून अक्षय सरांना हो म्हणावं लागेल."

"रजा तुमचीच आहे, मामा," अक्षय सर म्हणाले. "तेव्हा माणसं असली की देतो. मी नाही कशाला म्हणू?"

पुंडलिकला त्यातलं 'देतो' तेवढं ऐकू आलं. त्यानं पेणच्या बाजारातून ओवा आणला, बाळंतशोपा आणल्या, हळीव आणले. हौसाची लोखंडी शेगडी माळ्यावरून काढून घासली. काळी मिरी किती घालायची, हे पनवेलला फोन करून विचारलं. इंदुबाई फोनवर रडली आणि मग म्हणाली, "दादा, मिरी तुझ्या हातानं घालू नको, तुझा हात सढळ हाय."

नवा नियम आला तो पावसाळ्याच्या अखेरीस. कॅन्टीनमध्ये फळ्यावर कागद लागला. बाप झालेल्यालाही आता पगारी रजा, पंधरवड्याची. कागदावर एका हसऱ्या माणसाचं चित्र, त्याच्या खांद्यावर बाळ. जेवणाच्या रांगेतली पोरं ते वाचून एकमेकांना ढुशा देत होती, पण आतून सगळ्यांना बरं वाटलं होतं. वाटण्यासारखंच होतं. पुंडलिकही तो कागद वाचून म्हणाला, "चांगलं केलं."

निकेशनं त्याच दिवशी अर्ज केला आणि मामांना सांगितलं नाही.

यात लपवाछपवी काही नव्हती. दोघांची रोजची भेट म्हणजे शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत फक्त यंत्राचं बोलायचं असतं. कुठला पंप आवाज करतोय, तापमान कुठं चढतंय, कुठला व्हॉल्व्ह अर्धा उघडा आहे. तिथं घरचा विषय काढला की काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून जुनी माणसं तो काढू देत नाहीत. आणि कंपनीबाहेर? बायकोच्या बाळंतपणाचं सासऱ्याशी कुठला जावई बोलतो, आणि कुठला सासरा विचारतो? निकेशला वाटलं, मामांना आपोआप कळेल आणि बरं वाटेल. मामांना वाटलं, आपल्या मागं निकेश आहेच; तो कधी नव्हता? दोघांनी एकाच दिवसांची रजा मागितली आणि दोघंही एकमेकांच्या भरवशावर होते.

अक्षय सरांनी मामांना बाजूला घेतलं, तेव्हा किमया जित्याला येऊन पंधरा-वीस दिवस झाले होते.

"मामा, दोघांना एकदम कसा सोडू? त्या रिअ‍ॅक्टरवर चारच माणसं, त्यातला एक अजून शिकतोय. निकेशची रजा नियमातली. ती मला नाकारता येत नाही. वर मुंबईच्या हेड ऑफिसनं फोटोही मागवलाय, आपल्याकडचा पहिला बाप म्हणून. तुमची थोडी पुढं ढकला."

"बाळ पुढं नाय ढकलता येत, सर."

"मला कळतंय."

"आनि त्याची शिफ्ट?"

अक्षय सर खाली पाहत हेल्मेटचा पट्टा चाचपत राहिले.

"मीच ना?" पुंडलिक म्हणाला.

"तुमच्यामागून तोच येतो, मामा."

एक शब्द टाकला असता, तर निकेशनं अर्ज तिथल्या तिथं मागं घेतला असता. हे पुंडलिकला ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यानं तो शब्द टाकला नाही. पोराला बाप म्हणून मिळालेली रजा, ती सासऱ्यानं मागायची? घरी आल्यावर तो परसात गेला, दगडावर बसला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ हात घासत राहिला. किमया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पोट पुढं, एक हात कमरेवर.

"काय झालं, बाबा?"

"काय नाय गो. निकेशला रजा मिळाली. तो येईल हितं ऱ्हायला."

"आनि तुम्ही?"

"मी हायच."

मुलगी झाली. पेणच्या दवाखान्यात, भरदुपारी. पुंडलिक तेव्हा डबलवर होता. दुसऱ्या दिवशी तो कंपनीच्या बसमधून पेणला उतरून तडक दवाखान्यात गेला. किमयानं कापडात गुंडाळलेलं बाळ त्याच्यापुढं धरलं, तेव्हा त्याचे हात आपोआप पाठीमागं गेले.

"घ्या ना."

"आत्ताच कामावरून येतोय."

"बाबा, ती झोपलीय."

"झोपू दे," तो म्हणाला आणि वाकून नुसतं पाहत राहिला. बाळाचं नाक हौसासारखं होतं, थोडं बसकं. ते त्यानं कुणाला सांगितलं नाही.

जित्याच्या घरात मग पाळणा टांगला गेला. सकाळी भागी यायची, बाळंतिणीला आणि बाळाला तेल चोळून न्हाऊ घालायची, धुरी द्यायची आणि जायची. उरलेल्या दिवसाला निकेश होता.

पण निकेश त्या घरात जावई होता. जावयानं सासुरवाडीत पाय धुवायलासुद्धा पाणी मागायचं नसतं, ते आधीच आलेलं असतं. तो दुपटी धुवायला परसात गेला की शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन तोंडाला पदर लावायच्या. तो चुलीशी गेला की किमया बाजेवरून उठायची. "तुम्ही बसा, मी करते." तो म्हणायचा, मी करतो. ती म्हणायची, माझ्या बापाच्या घरात तुम्ही भांडी घासनार आनि मी लोळू? त्या वादात पेज लागायची. डोलवीहून पुतळीबाईंचा फोन यायचा, "घरजावई झालास का रे?" निकेश फोन घेऊन पडवीच्या टोकाला जायचा आणि हळू आवाजात काहीतरी सांगत राहायचा.

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिक डबल संपवून घरी आला. परसात वळताना चुलीपाशी त्याला किमया दिसली. डोक्याला फडकं बांधलेलं, कानांत कापूस, आणि ती उकिडवी बसून फुंकणीनं विस्तव फुंकत होती. शेजारच्या ताटात नवऱ्यासाठी वाढून ठेवलेला भात. पुंडलिक तिथंच थांबला. थकल्यामुळे त्याला आधी वाटलं, ती हौसा आहे.

"ऊठ," तो म्हणाला.

"झालंच, बाबा."

"ऊठ गो, बाय."

ती उठली. त्यानं फुंकणी उचलली नाही. हात अजून धुतले नव्हते. तो नुसता चुलीसमोर उभा राहिला, दोन्ही हात अंगापासून लांब धरून, आणि भात करपायला लागला.

दुसऱ्या दिवशी भागीनं निकेशला धरलं. ती बाळाला पायांवर पालथं घालून पाणी ओतत होती. "काय जावयबापू, खुर्चीत बसून पोर बघायला रजा दिलीय व्हय कंपनीनं?"

"काकी, मी करायला जातो तर ती उठते."

"उठंल नायतर काय? म्हायेरात नवऱ्यानं दुपटी धुतलेली बघून कंच्या पोरीला नीज लागंल? बाप करील तर ती पडून ऱ्हाईल. बापाकडनं करून घ्यायला लाज नाय वाटत. तुला काय करायचं तं तुझ्या घरी ने आनि कर जल्मभर, कोन नको म्हनतंय?"

"मामांना रजा कुठं हाय?"

"का नाय?"

का नाही, हे निकेशनं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं प्रणितला फोन लावला. प्रणितनं सगळं सांगितलं. मामांनी सव्वा महिना मागितला होता, तो याच्या रजेत कसा गेला, आणि काल मामांना पॅनलसमोर डुलकी लागली तेव्हा प्रणितनंच पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी केली, तेही. "तुला वाटलं, तुझी शिफ्ट कोन भुतं चालवतायत?" प्रणित म्हणाला.

त्या दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळी पुंडलिक खुर्चीवर बसून दाराकडे पाहत नव्हता. येणारं कुणी नव्हतं, हे त्याला माहीत होतं. दुसरी शिफ्टही त्याचीच होती. त्यानं डब्यातली उरलेली भाकरी काढली. तेवढ्यात दार वाजलं.

निकेश उभा होता. कंपनीचा गणवेश, डोक्यावर हेल्मेट. बुटांवर रस्त्याचा चिखल.

"मी आलो मामा. तुम्ही जा."

"तुझी रजा हाय."

"सोडली."

"येडा का तू? सोडलेली परत देत नायत."

"मॅडमनी सांगितलं. उरलेली बुडाली म्हनाल्या. त्यांना वाईट वाटलं, मुंबईला काय कळवू म्हनाल्या." त्यानं हेल्मेट काढलं. "तुमच्या रजेवर सही झालीय. तुमची शिफ्ट मी आनि प्रणितनं एक दिवस त्यानं, एक दिवस मी अशी वाटून घेतलीय. माझा दिवस असला की मी लवकर येईन."

पुंडलिक उठला नाही. भाकरी हातात तशीच होती.

"तुला पोरीजवळ बसायचं नव्हतं का रे?"

"व्हतं," निकेश म्हणाला. मग पॅनलकडे बघत म्हणाला, "तापमान किती हाय?"

पुंडलिकनं तापमान सांगितलं. पंपाचं सांगितलं. व्हॉल्व्हचं सांगितलं. काहीही राहू दिलं नाही. मग तो खुर्चीवरून उठला आणि निकेश बसला. बाहेर पडताना कॅन्टीनच्या फळ्यावर त्याला निकेशचा फोटो दिसला. बाळाला खांद्यावर घेतलेला, लाजलेला. आपला पहिला बाप, असं काहीतरी खाली छापलं होतं. तो फोटो पुढं बरेच दिवस तिथंच होता आणि त्याखाली बसून निकेश डबल मारण्याआधी जेवत असे.

पुंडलिकची रजा सुरू झाली. पहिला दिवस तो नुसता झोपला. मग उठला आणि कामाला लागला. पहाटे पाणी तापव, तांदळाची पेज शिजव, मिरी इंदुबाईच्या मापानं घाल, बाजेखाली शेगडी सरकव, दुपटी धू, वाळव, घडी घाल. त्याच्या पावलांना शिफ्टची सवय होती, त्यामुळे त्यानं घरही तसंच चालवलं. एक काम संपायच्या आत दुसऱ्याचं आधण. बाजारात मुशी मासळी मिळाली की आणायचा आणि कालवण करायचा, किमयाला दूध यावं म्हणून. ती पडून राहायची आणि आढ्याकडे पाहायची. एकदा म्हणाली, "बाबा, आईच्या कालवनापरीस तिखट झालंय." तो म्हणाला, "तिच्या कालवनाला माझा हात लागत नव्हता."

फक्त बाळाला तो हात लावत नव्हता. पाळण्याची दोरी ओढायचा, ती लांबूनच. बाळ रडलं की किमयाला उठवायचा. दिवसातून कितीतरी वेळा परसात जायचा, चिंच, राख, शेंडी, पाणी आणि मग तळवे नाकाशी.

"तिला काय कळतंय, बाबा?" किमया हसायची.

"तिला नाय कळत. मला कळतंय."

आठवडा गेला. वास विरत चालला होता, पण नखांच्या कडेला राहत होता, सकाळी कमी, दुपारी पुन्हा. भागीनं एकदा त्याचा हात धरून हुंगला आणि म्हणाली, "मोकल, हा वास लसनीचा नाय, तुजा हाय." तो दोन्ही तळव्यांना ओव्याचं तेल चोळून बसला.

मग एके सकाळी, हात धुतल्यावर, त्याला काही लागेना. पुन्हा हुंगलं. ओवा होता, धूर होता, थोडं आंबट दूध. सडक्या लसणीचा मागमूस नव्हता. तो उठला नाही. पुन्हा हात धुतले, पुन्हा हुंगले, आणि मग घाईनं घरात गेला. वास परत यायच्या आत गेला, असंच म्हणायला हवं. किमया झोपली होती. त्यानं पाळण्यातून बाळाला उचललं. बाळ रडलं नाही. त्यानं उजवा तळवा तिच्या गालावर ठेवला आणि तसाच ठेवला. मग गाल चाखल्यासारखी आपलीच बोटं ओठांना लावली. खारट काही नव्हतं. कुठून असणार? पण त्याला बरं वाटलं.

त्यानंतरचे दिवस लवकर गेले. बाळ त्याच्याच मांडीवर असायचं. किमया झोपून झोपून कंटाळली, मग जरा ताजी दिसू लागली, मग घरात हिंडू लागली. निकेश आठवड्यातून एखादवेळी यायचा, बहुतेक डबल करूनच. येऊन पडवीत बसायचा आणि बसल्याबसल्या झोपायचा. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. पुंडलिक त्याला पाहायचा आणि आपलीच जुनी खुर्ची पाहिल्यासारखं वाटायचं.

रजेचा शेवटचा रविवार होता. सोमवारी पुंडलिकची पहिली शिफ्ट. सकाळी धुरी झाली, भागी गेली आणि तो बाळाला घेऊन पडवीतल्या कोवळ्या उन्हात बसला. बाळाच्या टाळूला तेलाची चकाकी होती. मोटरसायकल अंगणात येऊन थांबली. निकेश रात्रभराचा जागा, तसाच कंपनीच्या कपड्यांत. हेल्मेट काढून तो सरळ पडवीची पायरी चढला आणि दोन्ही हात पुढं केले.

पुंडलिकला वास आला. इतक्या दिवसांनी दुसऱ्याच्या हातांतून आलेला तो वास त्याला प्रथमच एवढा झणझणीत लागला. निकेशलाही काहीतरी जाणवलं असावं. त्याचे हात मध्येच थांबले. त्यानं ते नाकाशी नेले आणि खाली केले.

बाळानं जांभई दिली. पुंडलिकनं तिला उन्हाकडून जरा सावलीत वळवलं आणि मानेनंच परसाकडे खूण केली.

"चिंच भिजवून ठेवलीय. हात धू जा. तवर मी हाय."